टर्निटिनचा साम्य अहवाल: काय दाखवतो आणि काय दाखवत नाही

प्रबंध किंवा शोधनिबंध सादर करण्याची तारीख जवळ आली की लेखकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: टक्के किती आले? बारा आले म्हणून एक जण निर्धास्त होतो, एकतीस आले म्हणून दुसऱ्याची झोप उडते, आणि त्या आकड्यामागचा सविस्तर अहवाल मात्र पुष्कळदा दोघांपैकी कोणीच नीट वाचत नाही. हा आकडा म्हणजे लेखनाचा किती भाग आधीच्या मजकुराशी जुळतो त्याची टक्केवारी. ज्या सेवांमुळे तो जगभरच्या विद्यापीठांत रूढ झाला, त्यांतील सर्वांत परिचित असलेल्या टर्निटिनचे हे परीक्षण आहे. तिच्या जोडीने झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी ठेवणारे, अगदी वेगळ्या प्रकारचे साधनही येथे घेतले आहे, कारण वाङ्मयचौर्य टाळण्याच्या कामी मला ते अधिक मोलाचे वाटते. प्रबंध वाचणे आणि नियतकालिकाकडे आलेले लेख तपासणे हे माझे नित्याचे काम असल्यामुळे असे अहवाल सतत माझ्यासमोर येत असतात, आणि त्यावरून बनलेले माझे मत सुरुवातीलाच सांगणे बरे. लेखकाने लेखन सादर करण्यापूर्वी स्वतः वाचायचा आरसा म्हणून टर्निटिन उत्तम आहे. परंतु तिच्या आकड्यावरून एखाद्याला दोषी किंवा निर्दोष ठरवले जाते, तेव्हा निरपराध माणसाला त्रास होतो आणि चतुर उचलेगिरी सुखरूप निसटते.

ही सेवा १९९८ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे सुरू झाली आणि २०१९ मध्ये अ‍ॅडव्हान्स पब्लिकेशन्स या माध्यमसमूहाने ती सुमारे १.७५ अब्ज डॉलरला विकत घेतली. शोधनियतकालिकांचे प्रकाशक याच कंपनीची, असाच अहवाल देणारी आयथेंटिकेट ही सेवा वापरतात, त्यामुळे विद्यार्थीदशेत या अहवालाशी जुळलेला संबंध पुढे संशोधक झाल्यावरही सुटत नाही.

तिचे काम कसे चालते हे ढोबळपणे तरी समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज तेथूनच जन्मतात. अशा प्रणाली दिलेल्या मजकुराचे लहान लहान शब्दसमूह पाडतात, त्यांचे ठसे तयार करतात आणि ते ठसे साठ्यातील मजकुराच्या ठशांशी ताडून पाहतात. टर्निटिनच्या साठ्यात मुख्यतः तीन प्रकारचा मजकूर असतो: इंटरनेटवरील चालू व जुनी पाने, नियतकालिके आणि पुस्तके यांतील प्रकाशित लेखन, आणि पूर्वी याच सेवेकडे सादर झालेले विद्यार्थ्यांचे लेखन. जेथे जुळणी सापडते तो भाग रंगवून दाखवला जातो, त्याच्यासमोर मूळ स्रोत ठेवला जातो आणि एकूण मजकुरापैकी किती भाग जुळला याची टक्केवारी वर छापली जाते. म्हणजे येथे मोजले जाते ते साम्य. वाङ्मयचौर्य आहे किंवा नाही हे आपण ठरवत नाही, असे कंपनी स्वतःच सांगते. तरीही कार्यालयांत आणि वर्गांत या अहवालाला सर्रास ‘प्लॅजरिझम रिपोर्ट’ म्हटले जाते, आणि नावापाठोपाठ निकालही गृहीत धरला जातो.

वाङ्मयचौर्याची व्याप्ती या साम्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. दुसऱ्याची वाक्ये श्रेय न देता वापरणे हा त्याचा सर्वांत उघड प्रकार झाला. पण दुसऱ्याची कल्पना, युक्तिवादाची मांडणी, सर्वेक्षणातून जमवलेली आकडेवारी, आकृती, छायाचित्र, संगणकीय आज्ञावली यांपैकी काहीही आपले म्हणून पुढे ठेवले तरी तो तितकाच गंभीर दोष ठरतो. स्वतःचेच पूर्वी प्रकाशित झालेले लेखन नवे असल्यासारखे पुन्हा देणे, हाही वाचकाची दिशाभूल करणारा प्रकार आहे, मात्र त्याला तारतम्य लागते. एकाच पद्धतीने केलेल्या प्रयोगांच्या दोन अहवालांत पद्धतीचे वर्णन काही अंशी सारखे येणारच. निष्कर्षांची चर्चा जशीच्या तशी उतरवली असेल, तर ते समर्थनीय नाही. या साऱ्या प्रकारांपैकी शब्दांच्या जुळणीतून जेवढे हाती लागते तेवढेच यंत्र दाखवू शकते.

आता त्या टक्केवारीकडे वळू. साम्य अजिबात नसेल तर निळा, एका शब्दापासून चोवीस टक्क्यांपर्यंत हिरवा, पंचवीस ते एकोणपन्नास पिवळा, पन्नास ते चौऱ्याहत्तर नारिंगी आणि त्यापुढे तांबडा, अशी या अहवालाची रंगव्यवस्था आहे. या सेवेतील ही मला सर्वांत घातक वाटणारी गोष्ट आहे, कारण हिरवा रंग पाहिला की वाचणारा पुढे वाचायचे थांबतो. दहा हजार शब्दांच्या निबंधात तीन टक्के म्हणजे तीनशे शब्द होतात. हे तीनशे शब्द एकाच लेखातून, एका सलग ओघात, कोणताही उल्लेख न करता घेतलेले असतील तर ती निःसंशय चोरी आहे, आणि अहवाल मात्र हिरवा आहे. उलट एखाद्या कायदेविषयक निबंधात कलमांचा मजकूर अवतरणचिन्हांत शब्दशः द्यावाच लागतो, संदर्भसूची लांबलचक असते, संस्थांची पूर्ण नावे वारंवार येतात. अशा निबंधाचे साम्य तीस टक्क्यांवर गेले तरी त्यात आक्षेप घेण्याजोगे एकही वाक्य नसू शकते. त्यामुळे ‘अमुक टक्क्यांच्या आत असेल तर चालेल’ हा नियम सोयीचा असला तरी तो लेखकाला चुकीचा धडा देतो. उचललेला मजकूर ठरावीक मर्यादेच्या आत राखला म्हणजे झाले, असे त्याला वाटू लागते, आणि मग मूळ स्रोत पुन्हा वाचायचा सोडून तो अहवालातील रंगीत शब्द बदलत बसतो.

टक्केवारीविषयी इतके कठोर लिहिल्यावर याच अहवालाच्या एका भागाचे मनापासून कौतुक केले पाहिजे. नव्या स्वरूपातील अहवालात जुळलेला मजकूर चार गटांत विभागून दाखवला जातो. ज्याला अवतरणचिन्हेही नाहीत आणि संदर्भही नाही तो पहिला गट; संदर्भ दिला आहे पण शब्द जसेच्या तसे असूनही अवतरणचिन्हे नाहीत तो दुसरा; अवतरणचिन्हे आहेत पण ते शब्द कोणाचे हे सांगितलेले नाही तो तिसरा; आणि दोन्ही गोष्टी जागच्या जागी आहेत तो चौथा. वाङ्मयचौर्य म्हणजे काय हे शिकवण्यासाठी यापेक्षा चांगली मांडणी माझ्या पाहण्यात नाही, कारण श्रेय देण्याची दोन वेगळी अंगे ती डोळ्यांसमोर सुटी करून ठेवते. अवतरणचिन्हे सांगतात की शब्द माझे नाहीत, आणि संदर्भ सांगतो की मजकूर कोठून आला. या दोन विधानांतील एक केले म्हणजे दुसरे आपोआप होते, असा समज फार खोलवर रुजलेला आढळतो.

दुसरा गट यादृष्टीने विशेष काळजीने वाचावा. परिच्छेदाच्या शेवटी कंसात लेखकाचे आडनाव आणि वर्ष दिले आहे, तेव्हा आपण प्रामाणिकपणे वागलो, असे अनेक विद्यार्थी मनापासून मानतात. परंतु त्या परिच्छेदातील चारही वाक्ये मूळ लेखातून शब्दशः आली असतील, तर वाचकाची समजूत अशी होते की माहिती त्या लेखकाची आणि भाषा या लेखकाची. ती समजूत खोटी आहे. पुन्हा, शेवटच्या वाक्याजवळ दिलेला संदर्भ केवळ त्या वाक्यापुरता आहे की संपूर्ण परिच्छेदासाठी, हेही वाचकाला कळत नाही. ‘देशपांडे यांच्या मते’, ‘त्याच लेखात त्या पुढे दाखवतात की’ अशा साध्या शब्दांनी उसने घेतलेल्या विचाराची सुरुवात आणि शेवट दाखवता येतो. त्यासाठी कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही. मार्गदर्शकांनी आपल्या विद्यार्थ्यासमवेत बसून निदान पहिल्या प्रकरणाचे हे चार गट एकेक करून पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्या संस्था अहवाल केवळ परीक्षकाला दाखवतात आणि लेखकाला फक्त आकडा कळवतात, त्या या सेवेचा सर्वांत चांगला भाग वाया घालवतात.

या सेवेची खरी मर्यादा मात्र शब्द बदलून केलेल्या लेखनात उघड होते. समजा, मूळ पुस्तकात असे वाक्य आहे: ‘पोळ्यावर परतलेली कामकरी माशी आपल्या नाचाच्या कोनातून अन्नाची दिशा आणि नाच किती वेळ चालतो त्यावरून अन्नाचे अंतर इतर माश्यांना कळवते.’ आता एखाद्याने लिहिले: ‘पोळ्यात परत आलेली कामकरी मधमाशी स्वतःच्या नृत्याच्या कोनाद्वारे खाद्याची दिशा व नृत्य किती काळ टिकते यावरून खाद्याचे अंतर बाकीच्या मधमाश्यांना सांगते.’ नाचाचे नृत्य झाले, अन्नाचे खाद्य झाले, इतर माश्यांच्या बाकीच्या मधमाश्या झाल्या. सलग जुळणारा शब्दसमूह जवळजवळ उरला नाही, आणि केवळ शब्दांची जुळणी पाहणारी प्रणाली हे वाक्य बहुधा सोडून देईल. पण वाक्याचा सांगाडा, माहितीचा क्रम, जोडण्याची पद्धत हे सर्व मूळ लेखकाचे आहे. अमेरिकेतील लेखन-अध्यापिका रिबेका मूर हॉवर्ड यांनी नव्वदच्या दशकात अशा लेखनाला ‘पॅचरायटिंग’ हे नाव दिले आणि हे लबाडीपेक्षा अनेकदा अपुऱ्या आकलनाचे लक्षण असते, असे मत मांडले. मला ते पटते. जो मजकूर पुरता समजलेला नाही, त्याच्या वाक्यरचनेचा कठडा सोडून चालण्याचे धैर्य होत नाही. मग शब्दकोश जवळ घेऊन एकेक शब्द बदलला जातो.

स्वतःच्या शब्दांत लिहिणे म्हणजे काय, हे याच उदाहरणावरून दाखवता येईल. मूळ मजकूर वाचून बाजूला ठेवला, त्यातून आपल्या लेखाला काय हवे आहे याचा विचार केला आणि मग लिहिले, तर असे काही येईल: ‘मधमाशीच्या नाचात दोन वेगवेगळ्या खुणा एकाच वेळी दिलेल्या असतात. कार्ल फोन फ्रिश यांनी दाखवून दिले की नाचाचा उभ्या रेषेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भात वाचायचा असतो, तर अंतर समजण्यासाठी माशी पोट हलवत सरळ किती वेळ चालते हे पाहावे लागते.’ येथे मांडणी बदलली आहे, कोन कशाच्या संदर्भात घ्यायचा हा मुद्दा पुढे आला आहे, आणि ज्यांनी हा शोध लावला, ज्यासाठी त्यांना १९७३ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, त्यांचे नावही आले आहे. इतके करूनही ज्या पुस्तकातून हे समजले त्याचा संदर्भ द्यावाच लागतो. शब्द पूर्णपणे आपले झाले म्हणजे विचाराचे ऋण फिटले, असे होत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते यासारख्या सर्वमान्य माहितीला संदर्भाची गरज नसते. आणि एखादी गोष्ट त्या कोटीत येते किंवा नाही अशी शंका आली, तर संदर्भ देऊन मोकळे व्हावे.

भाषांतर हा असाच दुसरा प्रांत आहे. एका भाषेतील लेखाचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करून तो आपला म्हणून दिला, तर एकही शब्द जुळत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा पंधरा प्रणाली आठ भाषांतील मजकुरांवर तपासून पाहिल्या गेल्या, त्यात टर्निटिनही होती. या प्रणाली काही प्रमाणात मदत करतात, पण सर्व वाङ्मयचौर्य शोधू शकत नाहीत आणि कधी कधी निर्दोष मजकुरावरही बोट ठेवतात, असाच त्या चाचणीचा निष्कर्ष होता. जी पुस्तके संगणकावर कधी आलीच नाहीत, त्यांच्याबाबत तर प्रश्नच उद्भवत नाही. अशी उचल पकडतो तो विषय जाणणारा वाचकच. पुढे जर्मनीचे संरक्षणमंत्री झालेले कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाला २००७ मध्ये सर्वोच्च श्रेणी मिळाली होती. २०११ च्या फेब्रुवारीत कायद्याचे एक प्राध्यापक त्या प्रबंधाचे परीक्षण लिहिण्यासाठी तो बारकाईने वाचत असताना त्यांना दुसऱ्यांचा मजकूर आढळला. प्रबंधाची अगदी सुरुवातीची वाक्येसुद्धा एका वृत्तपत्रातील लेखातून आलेली निघाली. त्यानंतर स्वयंसेवकांनी एकत्र येऊन पानापानावरील उचल नोंदवली, बायरॉइट विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि मार्च उजाडताच मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. या साऱ्याची सुरुवात एका माणसाने लक्षपूर्वक केलेल्या वाचनातून झाली, हे आकड्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक समितीने ध्यानात घ्यावे.

साम्याच्या आकड्याला दिलेल्या अवास्तव महत्त्वाचा आणखी एक परिणाम विज्ञानसाहित्यात दिसू लागला आहे. आकडा खाली आणण्यासाठी काही जण मजकूर शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतात, आणि ते सॉफ्टवेअर अर्थ न कळता पारिभाषिक शब्दांनाही समानार्थी शब्द लावत सुटते. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा विद्रूप झालेल्या संज्ञा मोठ्या संख्येने उजेडात आणल्या. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलोसल इन्फर्मेशन’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’ असे शब्द छापील शोधनिबंधांत आढळले. कर्करोगावरील निबंधात रोगाचे नावच बदलले जावे आणि ते कोणाच्या नजरेतून निसटावे, हे वाचून मन विषण्ण होते. याउलट लपवाछपवीच्या ठोकळ प्रकारांचा टर्निटिन चांगला बंदोबस्त करते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पांढऱ्या रंगात दडवलेला मजकूर किंवा रोमन लिपीतील अक्षराच्या जागी तसेच दिसणारे सिरिलिक (रशियन लिपीतील) अक्षर घालणे, अशा क्लृप्त्यांवर अहवालात वेगळी खूण केली जाते.

वापराच्या दृष्टीने काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. अवतरणे, संदर्भसूची आणि ठरावीक शब्दसंख्येपेक्षा लहान जुळण्या वगळण्याची सोय अहवालात आहे. ती वापरावी, पण पहिला अहवाल काहीही न वगळता पाहावा आणि मग एकेक गोष्ट वगळत जावे, म्हणजे आकडा कशामुळे फुगला हे समजते. दोन संस्थांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण दोघांनी काय वगळले हे सारखे असेलच असे नाही. दुसरी गोष्ट मसुद्यांची. तपासणीसाठी दिलेला मसुदा साठ्यात ठेवला गेला आणि अंतिम प्रत पुढे वेगळ्या खात्यातून सादर झाली, तर लेखकाचे लेखन स्वतःच्याच मसुद्याशी जवळजवळ पूर्ण जुळते आणि अहवाल तांबडा होतो. त्यामुळे मसुदा साठ्यात न ठेवण्याचा पर्याय निवडला आहे ना, याची खात्री तपासणी करून देणाऱ्याकडून आधीच करून घ्यावी. विद्यार्थ्यांचे लेखन त्यांच्या इच्छेविरुद्ध साठवण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला होता. अमेरिकेतील काही शाळकरी विद्यार्थ्यांनी कॉपीराइटच्या आधारे दावा लावला, आणि २००९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने हा वापर कायद्यात बसतो असा निर्णय कंपनीच्या बाजूने दिला. कायद्याने ते योग्य ठरले असले, तरी आपले लेखन कोठे आणि किती काळ राहणार हे विद्यार्थ्याला आधी समजावून सांगणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये टर्निटिनने कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखणारा निर्देशक सुरू केला, आणि येथे माझी शिफारस निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. साम्य अहवाल एखाद्या वाक्यावर बोट ठेवतो तेव्हा समोर मूळ स्रोतही ठेवतो. लेखक, मार्गदर्शक, परीक्षक असे तिघेही तो उघडून स्वतःची खात्री करू शकतात. या निर्देशकाजवळ असा कोणताही मूळ मजकूर नसतो. तो शब्दांच्या ठेवणीवरून एक संभाव्यता काढतो, आणि ती चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचा मार्ग लेखकाजवळ नसतो. चुकीने दोषी ठरण्याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचे कंपनीने सांगितले होते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यावर साधा हिशेब केला: २०२२ मध्ये त्यांच्याकडून या सेवेकडे ७५,००० निबंध गेले होते, म्हणजे एक टक्का धरला तरी सुमारे ७५० निबंधांवर खोटा ठपका बसला असता. त्या विद्यापीठाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये हा निर्देशक बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात ओळखयंत्रांची (टर्निटिन त्यांत नव्हते) परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित म्हणून चुकीने नोंदले गेले. मर्यादित शब्दसंग्रहाने, सरळ वाक्यांत लिहिणाऱ्या माणसावर यंत्र असल्याचा आरोप व्हावा, ही गोष्ट मला अत्यंत अन्यायकारक वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर ती कोणत्या कामासाठी घेतली हे लेखकाने स्पष्ट नमूद करावे, आणि तिने सुचवलेला प्रत्येक संदर्भ प्रत्यक्ष उघडून पाहावा, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले लेखही अगदी खऱ्यासारखे सुचवतात.

मोफत तपासणी करून देणाऱ्या संकेतस्थळांविषयी थोडक्यात: त्यांचा साठा लहान असतो, एकाच मजकुराला दोन ठिकाणी दोन आकडे येतात, आणि आपला अप्रकाशित प्रबंध आपण कोणाच्या हाती देत आहोत हे पुष्कळदा समजत नाही. अप्रकाशित लेखन तेथे चढवू नये.

आता झोटेरोकडे येऊ. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये तयार झालेले हे संदर्भ-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ते उचलेगिरी शोधत नाही; ती अनवधानाने घडण्याची जी जागा आहे, तेथे ते मदतीला येते. ती जागा म्हणजे टिपण. लेखक महिनोन्महिने वाचत असतो, आवडलेले परिच्छेद वहीत किंवा फाइलमध्ये उतरवत असतो, त्यांच्या अधेमधे स्वतःचे विचारही लिहीत असतो, आणि लिहायला बसेपर्यंत कोणते वाक्य कोणाचे हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. झोटेरोच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, पीडीएफ वाचण्याची सोय त्यातच आहे. लेख वाचताना ओळी रंगवल्या आणि त्या टिपणात घेतल्या, की प्रत्येक ओळ आपोआप अवतरणचिन्हांत येते आणि तिच्यामागे लेखक, वर्ष व पृष्ठक्रमांक लागतो. आपण त्याखाली लिहिलेले विचार अवतरणचिन्हांबाहेर राहतात. उसने आणि स्वतःचे असा भेद टिपण घेतानाच होत गेल्यामुळे पुढे साम्य अहवालातील पहिल्या तीन गटांत जाण्याजोगे फारसे काही उरत नाही.

लेख संग्रहात घेताना झोटेरो त्याचे शीर्षक, लेखक, नियतकालिक, खंड आणि वर्ष स्वतःहून उचलते आणि एपीए, एमएलए, शिकागो यांपैकी हव्या त्या शैलीत संदर्भसूची लावून देते. संग्रहातील एखादा शोधनिबंध पुढे मागे घेतला गेला असेल, तर २०१९ पासून ते तशी सूचनाही देते. चुकीचे ठरलेले संशोधन नकळत उद्धृत होण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो. दोष सांगायचे तर, संकेतस्थळांवरील माहितीच अपुरी असेल तर नोंदही अपुरी येते. लेखकाचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल, वर्षाच्या जागी रिकामा कंस, शीर्षकातील चुकीची मोठी-लहान अक्षरे अशा गोष्टी हाताने दुरुस्त कराव्या लागतात, आणि जुन्या पुस्तकांच्या नोंदी तर बहुधा पूर्णपणे स्वतःच भराव्या लागतात. ऑनलाइन साठवणुकीसाठी ३०० एमबी जागा मोफत मिळते. पीडीएफचा संग्रह मोठा असेल तर ती लवकर भरते, मात्र फाइली आपल्या संगणकावर ठेवायला मर्यादा नाही.

एका बाबतीत मात्र झोटेरोही लेखकाला सावध करू शकत नाही. एखाद्या लेखात दुसऱ्या कोणाचे अवतरण आवडले, की त्या दुसऱ्या पुस्तकाची नोंद संग्रहात घेऊन थेट तोच संदर्भ देण्याचा मोह होतो. पुस्तक हातात घेतलेले नसते, पण संदर्भसूचीत ते दिमाखात बसते आणि दोन्ही साधने काहीच हरकत घेत नाहीत. मधल्या लेखकाने अवतरण चुकीचे दिले असेल तर ती चूक तशीच पुढे जाते, आणि त्याने ते शोधून काढण्यासाठी घेतलेले श्रम मात्र अनुल्लेखित राहतात. मूळ पुस्तक मिळवून संबंधित पान स्वतः पाहावे. ते मिळत नसेल, तर मूळ लेखकाचे नाव देऊन ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे आणि सूचीत जो लेख प्रत्यक्ष वाचला त्याचीच नोंद ठेवावी.